टिळकवाडीतली एचबीए१सी तपासणी: पैसे आलेखाचे

बेळगावच्या टिळकवाडीतल्या या लॅबमध्ये एचबीए१सी, म्हणजे आपली ‘तीन महिन्यांची शुगर’, एचपीएलसी पद्धतीने, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजून, होते. दर इतरांपेक्षा थोडा चढा. पण रिपोर्टला आलेख जोडतात, जादा पैसे त्याचेच.

रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला, व्हॅलिन या अमिनो आम्लावर, एन्झाइमशिवाय आपसूक चिकटतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हिशेब तीन महिन्यांचा. तरी जवळपास निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा. चार दिवस कुंद्यासारखी मिठाई बंद ठेवून आकडा हलत नाही. उपाशी जायचीही गरज नाही.

नमुना घेण्याचं काम चोख. जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमध्ये २-३ मिली रक्त, लगेच ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटीसुलटी. हे टाळलं की गुठळी होते आणि पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. खानापूरच्या कलेक्शन सेंटरवरून देत असाल तर नमुना थंड पेटीतून जातोय ना, एवढं विचारा. २ ते ८ अंशांत तो आठवडाभर टिकतो. एप्रिलच्या उन्हात गाडीत पडून राहिला तर आकड्यावर भरवसा नको.

आलेखात उंच सुळका ए-शून्यचा, म्हणजे साखर न चिकटलेल्या नेहमीच्या हिमोग्लोबिनचा, त्याआधीचा छोटा ए१सीचा. त्यापुढे आणखी एखादा ठळक सुळका दिसला तर हिमोग्लोबिन एस किंवा डीसारखा जन्मजात वेगळा प्रकार असू शकतो. तेव्हा ‘दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी’ असा शेरा मारतात. नुसता आकडा छापणाऱ्या लॅबमध्ये हे कळणारच नाही.

खटकलं ते असं: हिमोग्लोबिन स्वतःहून मोजत नाहीत. खरं तर त्याच ट्यूबमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी, होतं, आणि ते हवंच. लोह कमी असलं की साखर न वाढताही ए१सी चढा येतो. पेशी लवकर फुटत असतील, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा डायलिसिसवर एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं इंजेक्शन) चालू असेल तर खोटा उतरतो. आपल्या बायकांमध्ये अॅनिमिया किती, हे सांगायला नको. ६.६ आला आणि हिमोग्लोबिन ८ असलं, तर गोळी सुरू करण्याआधी उपाशीपोटीची शुगर बघायला सांगा.

६.५ किंवा वर मधुमेह, ५.७ ते ६.४ मधुमेहाचा उंबरठा, ७ म्हणजे सरासरी शुगर १५४ मिग्रॅ/डेसिलिटर. ७.० चा ७.२ झाला म्हणून घाबरू नका, एवढा फरक मोजण्यातच पडतो.

रिपोर्ट इंग्रजीत, पण काउंटरवर मराठीत नीट समजावतात. शुगरचा दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइन तपासणी इथे होत नाही, नमुना बाहेर पाठवतात. घाई असेल तर आधी फोन करा.