ओपनसीपीएन: फुकट आहे, कामाचं आहे, पण चार्ट वेगळे घ्यावे लागतात

आमच्या पवनीकडून (भंडारा जिल्हा) समुद्र लय दूर, पण गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर बोट चालवणारे पोट्टे आता सीझनमध्ये मालवण-तारकर्लीले कामाले जाऊन राहिले, माझा भाचाही त्यातलाच, म्हणून ओपनसीपीएन हे चार्ट, म्हणजे बोटीसाठीचे समुद्राचे नकाशे, दाखवणारं सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर टाकलं अन् दोघांनी मिळून बसून पाहिलं. एक पैसा लागत नाही, विंडोज-लिनक्स दोन्हीवर चालते, अन् चार्ट एकदा टाकून ठेवले का नेटही लागत नाही. आमच्याकडे नेटवर्कचा काही भरोसा नसते, त्याच्यानं हे लय सोयीचं.

पण चार्ट यात येत नाही हे आधी समजून घ्या. उघडल्यावर जगाचा नकाशा दिसते तो अगदी ढोबळ, त्याच्या भरोशावर बोट नेऊच नका. आपल्या किनाऱ्याचे अधिकृत चार्ट देहरादूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढते, ते विकत घ्यावे लागतात. शिकायले अमेरिकेच्या नोआचे (तिकडची समुद्र-हवामानाची सरकारी संस्था) चार्ट फुकट मिळतात, आम्ही तेच टाकले. मात्र तिकडं समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) उजव्या हाताले ठेवतात अन् आपल्या देशात डाव्या हाताले. तिकडच्या चार्टवर सवय लागली अन् तशीच कोकणात नेली तर बोट सरळ खडकावर जाईन, म्हणून भाच्याकडून हे मी रोज म्हणवून घेतो.

मले सगळ्यात आवडलं ते खोलीचं. सेटिंगमध्ये आपल्या बोटीपुरती सेफ्टी डेप्थ, म्हणजे बोटीले लागते तेवढी सुरक्षित खोली, टाकली का त्याच्यापेक्षा उथळ आकडे ठळक दिसतात, अन् बोयावर किंवा दीपगृहावर राइट क्लिक करून माहिती उघडली का रंग, दिवा किती सेकंदानं लुकलुकते, सारं समोर येते. यूएसबीचा जीपीएस लावला तर आपली बोट त्याच चार्टवर सरकताना दिसते.

आता चार्टवर खोली 1.2 लिहिली तर ते मीटर अगदी खालच्या ओहोटीच्या वेळचे, त्यात त्या वेळची भरती मिळवायची. ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या टाइड टेबलमध्ये (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) पाहा, त्यातली वेळ आपलीच असते. अन् पाणी सारखं चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत 2.4 मीटर पाणी चढत असंल तर पहिल्या तासाले अंदाजे 20 सेंटिमीटर, दुसऱ्याले 40, तिसऱ्या-चौथ्याले 60-60, मग पुन्हा 40 अन् 20. कोकणातले मच्छीमार तर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, नवमीले पावणेसातच्या आसपास. भाच्याले म्हटलं हेही शीक, बॅटरी संपली तर हेच कामी येईन. लाटांचा अंदाज हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र) पाहायचा, तोही फुकट आहे.

गोसेखुर्दचा असा चार्ट काही आम्हाले मिळाला नाही, पण बुडालेल्या झाडांच्या जागी आपल्या हातानं मार्क टाकता येतात, आम्ही ते करून राहिलो. पाणी उतरलं का जागा पुन्हा पाहून घ्यायच्या.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण सेटिंगचा पसारा लय आहे, नवीन माणूस गोंधळते, अन् भर उन्हात लॅपटॉपची स्क्रीन दिसत नाही, वरती आडोसा करावाच लागते.