जुनं ओमेगा घ्यावं की जुनं सेको?

साठ-सत्तरच्या दशकातलं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं) घड्याळ घ्यायचं मनात आलं की बहुतेक जण फिरून फिरून दोन नावांवर येतात: ओमेगा सीमास्टर आणि सेको फाइव्ह. दोन्हींच्या किमतीत किती अंतर आहे ते तुम्हाला ठाऊक असेलच, आणि मशीनबद्दल इतकं लिहून झालंय की त्यात मी शिरत नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही वापरतो. मला बोलायचंय ते एवढंच: समोर आलेल्या घड्याळात मूळचं किती आणि मागाहून बसवलेलं किती, हे घेणाऱ्याला स्वतःला कुठल्या घड्याळात जास्त कळतं?

आधी ओमेगा, कारण भुरळ तेच घालतं. 550 च्या घराण्यातलं मशीन (552, 562, 565 वगैरे, हे ओमेगाचे मशीनचे नंबर) उघडून बघा. तो तांबूस रंग आणि त्यावरची सफाई पाहिली की भाव करायची इच्छाच उरत नाही. खाणाखुणाही चांगल्या असतात. मशीनवर सिरियल नंबर असतो. दोन कोटींच्या जरा पुढचा असेल तर घड्याळ साधारण 1963 च्या आसपासचं. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मॉडेलचा नंबर असतो. साठच्या दशकात आलेल्या नव्या पद्धतीत 165 ने सुरू होणारं सीमास्टर म्हणजे ऑटोमॅटिक, तारीख नाही. 166 म्हणजे तारखेसह. झाकणात 165 आणि डायलवर तारखेची खिडकी असेल तर चार घड्याळांचं मिळून एक केलंय असं समजायला हरकत नाही. काच मूळची असेल तर भिंगातून अगदी मधोमध ओमेगाचं इवलंसं चिन्ह दिसतं. चावीवरही चिन्ह हवं, पण चावी ही झिजणारी वस्तू, ती बदललेली असली तर मी फार मनावर घेत नाही.

यातल्या कामाच्या खुणा बहुतेक झाकणाच्या आत आहेत. विकणारा झाकण उघडायला तयार हवा, नाहीतर तुमच्या ओळखीचा कारागीर सोबत हवा. तरी हे जमवता येतं. माझं घोडं अडलं ते डायलपाशी.

जुन्या डायलवर डाग पडतात, कडेला काळपट होते, मग कोणीतरी ती धुऊन नव्याने रंगवून छापून घेतो. ओमेगाच्या बाबतीत हे इतकं चालतं की लखलखीत डायल दिसली की मला आनंद होण्याऐवजी शंका येते. विचारलं की ठरलेलं उत्तर: 'ओरिजिनल आहे, फक्त साफ केलीय.' आता हे 'साफ' म्हणजे नेमकं काय, ते तुम्ही कशावरून ठरवणार? समोरून ताडून बघायला एकही नंबर नाही. मग भिंग लावून अक्षरं वाचत बसायचं. मूळ छपाईत 'सीमास्टर'मधल्या एसचं शेपूट केसासारखं बारीक होत जातं. रंगवलेल्यात ते जाड राहतं किंवा मध्येच तुटतं. मिनिटांच्या रेघा तासाच्या उंच खुणांच्या बरोबर मधोमध याव्यात. रंगवलेल्यात एखादी रेघ जरा बाजूला सरकलेली असते, किंवा खुणेच्या बुडाशी रंग साचलेला दिसतो. सहाच्या खाली 'स्विस मेड' गायब असतं, किंवा त्याच्या दोन्हीकडचे टी (चकाकणाऱ्या लेपाची खूण) गेलेले असतात. डायलच्या कडेला कानशीने पाडलेली खाच हीसुद्धा एक खूण मानतात, पण तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

इतकं सगळं करूनही हाती येतं ते मत, पुरावा नव्हे. जाणकारांना फोटो दाखवले तर जितकी तोंडं तितकी मतं. मला चांगली रंगवलेली डायल आवडत नाही असंही नाही, हौसेने घालावी. पण मूळ डायलचे पैसे मोजून ती घ्यायची, आणि पुढे विकायची वेळ आली की आपणही तेच 'फक्त साफ केलीय' म्हणायचं, हे काही मला रुचेना.

सेको या बाबतीत फारच मोकळं आहे. झाकणाच्या बाहेरच्या बाजूला सगळं कोरलेलं असतं. 6119-8083 असं काही दिसलं तर पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे चार केसचे (म्हणजे बाहेरच्या कवचाचे). सिरियल नंबरातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी. म्हणजे 6119 च्या झाकणावर 1एन ने सुरू होणारा नंबर असेल तर ते नोव्हेंबर 1971. (1961 धरता येत नाही, कारण सेकोचं 'फाइव्ह' आलंच 1963 मध्ये, आणि 1981 पर्यंत 6119 मागे पडलं होतं.) झाकणावर 'वॉटर प्रूफ' असेल तर साधारण 1970 च्या आधीचं, 'वॉटर रेझिस्ट' असेल तर नंतरचं. हेही त्या नंबराशी जुळवून बघावं.

आणि मुख्य म्हणजे डायल. सहाच्या खाली, अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत डायलचाही नंबर छापलेला असतो. फोटो नीट काढलेला असेल तर घरबसल्या वाचता येतो. त्यातलं मशीन झाकणावरच्या मशीनशी जुळायलाच हवं. पुढचे आकडे मात्र तंतोतंत जुळतीलच असं नाही, कारण केसचा नंबर वेगळा आणि डायलचा वेगळा. 6139-6002 या क्रोनोग्राफच्या (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाच्या) डायलवर 6139-6009टी असं सापडतं, आणि ते बरोबरच आहे. नवख्यांना तिथे उगाच धडकी भरते. झाकण उघडलंच तर रोटरवरही (मशीनवर फिरणाऱ्या वजनावरही) मशीनचा नंबर असतो, म्हणजे तिसरा साक्षीदार.

सेकोत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. बाजारात नव्याने बनवलेल्या डायलचा सुळसुळाट आहे, त्यातल्या भडक केशरी-जांभळ्या रंगांच्या कित्येक डायल सेकोने कधी काढल्याच नव्हत्या. काही जण खालचा नंबरही छापतात. पण खरं सांगायचं तर त्या छपाईत इतकी घाई असते की एक खात्रीचा फोटो शेजारी ठेवला की फरक डोळ्यात भरतो. चावीवरून मात्र इथे काही कळत नाही, बहुतेक फाइव्हची चावी कोरीच असते. शिवाय फाइव्ह लोकांनी राबवून घेतलेली, त्यामुळे केसला पोचे असतात, आणि ते घालवायला पॉलिश मारून मारून कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत केलेल्या असतात. ओमेगालाही हे लागू आहेच. पोचे राहू देत, कडा धारदार हव्यात, हे माझं मत.

चकाकणाऱ्या काट्यांबद्दल एकच. 'टी' असलेल्या स्विस डायलवर ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य असतं, त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) साधारण 12.3 वर्षं. तेव्हा साठच्या दशकातलं घड्याळ अंधारात रात्रभर छान उजळत असेल तर तो लेप नंतरचा.

चालण्याच्या बाबतीत माझं ओमेगा वेळ जास्त चांगली धरतं आणि त्याची चावी फिरवताना बोटांना जे सुख मिळतं ते सेकोत नाही. 6119 ला तर चावी देताच येत नाही, हलवून चालू करावं लागतं. ज्यांना एकच घड्याळ घ्यायचंय, पैशांची ओढाताण नाही आणि विश्वासाचा कारागीर जवळ आहे, त्यांनी ओमेगा जरूर घ्यावं, मी अडवणार नाही. तरीही पहिलं जुनं घड्याळ घेणाऱ्याने विचारलं तर माझ्या तोंडून आधी सेकोचंच नाव येतं, आणि अलीकडे मनगटावरही बहुधा तेच असतं.

ओमेगाच घ्यायचं ठरलं असेल तर डाग पडलेली, जरा पिवळसर झालेली डायल शोधा, शक्यतो तारीख नसलेलं 552 बघा, आणि मशीनचा व झाकणाच्या आतल्या बाजूचा असे दोन्ही फोटो आल्याशिवाय भावाचं बोलू नका. सेकोसाठी झाकणाचा एक आणि सहाच्या खालचा जवळून काढलेला एक, एवढ्यावर भागतं.