कॅपफ्रेमएक्स काही महिने वापरल्यावर: कार्ड मोजायचं ते असं

नवीन ग्राफिक्स कार्ड घेतलं की मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे चित्रं) येतो रे?" आपण सांगतो तो आकडा सरासरीचा असतो. आरटीएक्स ४०६० कार्डासोबत कॅपफ्रेमएक्स हे फ्रेम्सचा वेळ मोजणारं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर काही महिने वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: एकच आकडा सांगायचा असेल, तर सरासरी सांगूच नये.

साधा हिशोब करून बघा. १०० फ्रेम्सपैकी ९९ फ्रेम्स प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आल्या आणि एकीला १०० मिलिसेकंद लागले, तर सरासरी ९२ एफपीएसच्या जवळपास निघते. कागदावर झकास! पण नेम धरलेला असताना नेमकी तीच एक फ्रेम अडकते आणि समोरचा आपल्याला टिपतो. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, त्यामुळे १०० मिलिसेकंदांचा अडथळा डोळ्यांना लगेच कळतो. 'टेक रिपोर्ट' या वेबसाइटच्या स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्येच प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजायला सुरुवात केली होती. तेच काम आता घरबसल्या करता येतं, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

वापर सोपा आहे. गेममध्ये एक बटण दाबलं की ठरवलेल्या सेकंदांचं रेकॉर्डिंग होतं आणि मग फ्रेम टाइमचा आलेख समोर येतो. आत इंटेलचं प्रेझेंटमॉन हे मोजणीचं साधन काम करतं. ते विंडोजच्याच नोंदींमधून वेळ उचलतं, गेममध्ये घुसत नाही. स्क्रीनवर आकडे दिसायला हवे असतील तर मात्र रिवाट्यूनर हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि काही ऑनलाइन गेम्सना असा ओव्हरले (गेमवर दिसणारे आकडे) चालत नाही. तिथे मी ओव्हरले बंद ठेवूनच रेकॉर्ड करतो.

एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. यात 'पी१' आणि '१ टक्का लो'ची सरासरी असे दोन वेगळे आकडे मिळतात. पहिला म्हणजे ९९ टक्के फ्रेम्स ज्याच्या वर राहतात ती सीमारेषा, दुसरा म्हणजे सर्वांत वाईट १ टक्का फ्रेम्सची सरासरी. दुसरा बहुतेक वेळा खालीच असतो. दोन रिव्ह्यूंमध्ये त्याच कार्डाचे 'लो' वेगळे दिसतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. एकाचा पी१ आणि दुसऱ्याची लो-सरासरी शेजारी ठेवून कार्ड निवडू नका.

मोजायचं कुठे, हेही महत्त्वाचं. गेममधला तयार बेंचमार्क (मोजणीची चाचणी) सोयीचा, पण तो बहुधा ठरावीक मार्गाने फिरणारा कॅमेरा असतो. सायबरपंक २०७७ या गेममध्ये मी जपानटाउनच्या चेरी ब्लॉसम मार्केटमधून दरवेळी एकाच वाटेने चालतो. तिथल्या गर्दीत प्रोसेसरचीही परीक्षा होते. पहिली फेरी धरत नाही, कारण शेडर्स (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात आणि कार्डही थंड असतं. नंतरच्या फेऱ्या एकत्र करायची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे, वेगळी पडलेली फेरी ते स्वतः दाखवून देतं.

आमच्या अकोल्यात मे महिन्यात मोजणं हा वेगळाच विषय. कार्ड तापत गेलं की त्याचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, पायरीपायरीने उतरतो. सेन्सरच्या नोंदी सोबत ठेवल्यामुळे तो उतार स्पष्ट दिसतो. म्हणून ड्रायव्हर बदलल्यावर तुलना करायची असेल, तर दोन्ही मोजण्या एकाच संध्याकाळी, खोलीतला कूलर सुरू ठेवून करतो. जानेवारीचे आकडे मेच्या आकड्यांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते टेक्स्चरच्या (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांच्या) सेटिंगने. कार्डाची मेमरी ८ जीबी. ती भरली की उरलेलं साध्या रॅममध्ये जातं. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी आहे. पण हे कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) आठच लेन वापरतं, आणि माझा बोर्ड जुना, पीसीआयई ३.० चा, म्हणजे रॅमकडून येणारी वाट सेकंदाला जेमतेम ८ जीबीची. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं तेव्हा सरासरी जागची फारशी हलली नाही, पण '१ टक्का लो' चांगला वर आला आणि खेळताना फरक लगेच जाणवला. नुसती सरासरी बघितली असती तर हे सेटिंग बदलायचं मनातही आलं नसतं.

फ्रेम जनरेशन (कार्डाने स्वतः मधल्या फ्रेम्स तयार करणं) सुरू करून मोजलेले आकडे मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. मधल्या फ्रेम्स वाढल्याने चित्र गुळगुळीत दिसतं, पण माउसचा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. ते साध्या आकड्यांत मिसळणं मला अजिबात पटत नाही.

उणिवा? सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, आणि पहिल्यांदा उघडलं की इतके टॅब दिसतात की नवखा गोंधळतो. सुरुवातीला फक्त 'ॲनालिसिस' आणि 'कम्पॅरिझन' उघडा, पुरे आहे.

आणि ३० हजारांच्या आसपासचं नवं कार्ड घ्यायच्या विचारात असाल, तर आधी आहे त्याच कार्डावर एक संध्याकाळ मोजा. एफपीएस कमी असताना जीपीयू लोड (कार्डावरचा भार) ९० टक्क्यांच्या बराच खाली दिसत असेल, आणि एफपीएसवर व्ही-सिंक (फ्रेम्स मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) किंवा दुसरी मर्यादा लावलेली नसेल, तर बहुतेक वेळा अडतंय ते प्रोसेसरपाशी. तिथे कार्ड बदलून पैसे वाया जातील.