‘कणकुंबीचे मासे’ म्हणून मला काय विकलं गेलं

बेळगावातल्या माझ्या घरी चार फुटी फिशटँक आहे. गप्पी, मोली, एंजल बरीच वर्षं पाळले, पण ओढ होती आपल्या सह्याद्रीतल्या, वाहत्या पाण्यातल्या माशांची. त्या हौसेपायी फेब्रुवारी ते जून एवढ्या काळात माझे सोळा हजार तीनशे रुपये गेले. पैशांचं दुःख आहेच, पण मेलेले मासे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ते मासे विकणारा माणूस अजून खानापूर-जांबोटीकडे गिऱ्हाइकं गाठतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

एका ओळखीच्याने त्याचा नंबर दिला. भेटल्याबरोबर म्हणाला, “दादा, ही दुकानातली पैदास न्हवं. कणकुंबीच्या वरच्या अंगाला मलप्रभेच्या ओढ्यातनं धरून आणलेत.” पिशवीत बारा डेनिसन बार्ब होते. चंदेरी अंग, नाकाडापासून मागे गेलेली लाल रेघ, तिच्याखाली काळा पट्टा. नगाला साडेसहाशे सांगितले.

कणकुंबी हे खानापूर तालुक्यातलं गाव, त्या भागाला लागूनच भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली घोषित झालेलं. तिथे परवानगीशिवाय मासा धरता येत नाही एवढं मला ठाऊक होतं आणि मी तसं विचारलंही. त्याने खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढला. सगळा कन्नडमध्ये, खाली निळा गोल शिक्का. “फॉरेस्टचा पास हाय, बघा की.” मी बाजारात दिवसभर कन्नड बोलतो, पण शाळा मराठी माध्यमाची, वाचताना अक्षराला अडतो. त्याच्यासमोर अडखळत वाचायला संकोच वाटला. शिक्का पाहिला, कागदाचा फोटो घेतला आणि सात हजार आठशे मोजले. तो माणूस ह्या संकोचावरच जगतो, हे मला फार उशिरा कळलं.

खरं तर पहिल्या संध्याकाळीच शंका यायला हवी होती. ओढ्यातला मासा टाकीत सोडला की दगडाआड दडतो, दोन-चार दिवस कोरड्या दाण्यांकडे बघतही नाही. हे बाराही जण दाण्यांची बरणी हातात घेताच काचेशी गोळा झाले. सगळे एका मापाचे, अडीच इंची. ओढ्यात जाळं टाकलं तर बोटाएवढाही येतो आणि वीतभरही, शिवाय एखाद्याचा पर फाटलेला असतो. दुसरी गोष्ट तर नकाशावरची. डेनिसन हा केरळातला आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिमवाहिनी नद्यांतला मासा. आपली मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. ते मासे कुठल्यातरी शेततळ्यावरच्या पैदाशीचेच होते. नदीत ही जात धोक्यात आहे. आणि पैदाशीचेच मासे होते, तर मग जंगलाचं नाव सांगून जास्तीचा दर का लावायचा?

मासे टिकले, म्हणून माझा विश्वास बसला. मे महिन्यात तो वीस लहान मासे घेऊन आला, ओढ्याचे, साडेतीन हजारांना. हे मात्र खरोखरच ओढ्यातले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा उलटे तरंगत होते. मी पाणी बदललं, एअर पंप दुसरा लावला, रात्रभर टाकीजवळ बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी एकच उरला.

मेलेले दोन घेऊन मासळी बाजारातल्या एका म्हाताऱ्या भोई मामांकडे गेलो. त्यांनी नखाने कल्ला उचलून दाखवला. लाल असायला हवा तो पांढुरका, शेंबडासारखा झालेला. “डोहात ब्लिचिंग पावडर टाकलीय. उन्हाळ्यात पाणी तुटलं की असंच करतात. मासा गुंगून वर येतो, टोपलीत भरतात. कल्ले भाजलेला मासा जगत नाही बाबा.” त्यांचे पुढचे शब्द ऐकून मी गप्पच झालो : “तुझ्या विसासाठी त्या डोहात किती मेले असतील?”

दरम्यान जूनच्या चढणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांसाठी म्हणून त्याने पाच हजार आगाऊ घेतले होते. मामांचं बोलणं झाल्यावर मी फोन लावला, तर बंद. आजतागायत बंदच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे ऑनलाइन पाठवले असतील तर वेळ न घालवता त्याच दिवशी फोन करा. मी आठ दिवस वाट बघत बसलो.

शेवटी कागदाचा फोटो शेजारच्या कन्नड शाळेतल्या मुलीला दाखवला. तिने एका दमात वाचलं. वनखात्याचं नावही नव्हतं त्यात. एका ग्रामपंचायतीने गावच्या तळ्यातले मासे धरायचा ठेका दिल्याची जुनी पावती होती ती, मुदत संपलेली.

जंगली मासे म्हणून कोणी असा लॅमिनेट केलेला कागद पुढे केला, तर दुसऱ्या ओळीत ‘केरे’ हा शब्द शोधा. केरे म्हणजे तळं. वाचता येत नसेल तर तिथेच उभं राहून कोणाकडून तरी वाचून घ्या, तोवर पिशवीला हात लावू नका.