ब्रेक ऑइल घेताय तर २५० मिलीच्याच बाटल्या घ्या

डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) ची २५० मिलीची बाटली, दोन घेतल्या, आमच्या जुन्या वॅगनारसाठी. पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

आधी मी अर्ध्या लिटरची घ्यायचो, स्वस्त पडते म्हणून. मागच्या खेपेला उरलेलं झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवलं, दीड-दोन वर्षांनी तेच गाडीत भरून घेतलं. दिसायला एकदम स्वच्छ होतं हो, म्हणून शंकाच आली नाही. मे महिन्यात पाचगणीहून वाईला पसरणी घाटातून उतरताना, गाडीत आईबाबा आणि पोरं, मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून, आणि चौथ्या-पाचव्या वळणाला पेडल स्पंजसारखं खाली जायला लागलं. गिअर पाडत, हँडब्रेक ओढत कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने चाकं गार झाल्यावर पेडल परत कडक! तेव्हा वाटलं आपल्याला भास झाला की काय, पण भास नव्हता, ऑइलमधल्या पाण्याची वाफ झाली होती.

हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि घाटात सतत ब्रेक दाबला की तेवढी उष्णता सहज होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय नुसता खाली जातो. आणि रंगावरून काही कळत नाही, माझं ऑइल भरताना पाण्यासारखं नितळ होतं.

सीलबंद बाटली किती टिकते? कंपन्या साधारण दोन ते पाच वर्षं सांगतात, मी मात्र वर्षाच्या आतली तारीख बघूनच घेतो. फोडलेली असेल तर ठेवूच नका, आमच्याकडे पावसाळ्यात तर मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं. आणि गाडीतलं दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, वरून नुसतं टॉप-अप करून भागत नाही.

आता बाटलीबद्दल. सील चांगलं, आत फॉइल आहे, मेकॅनिकदादांनी माझ्यासमोर फोडलं आणि चारही चाकं एकेक करून ब्लीड केली, म्हणजे आतलं ऑइल बाहेर सोडलं, जुनं चहासारखं काळपट निघालं ते नवीन येईपर्यंत. दुसरी बाटली अर्धी उरली, ती त्यांनी तिथेच उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला लगेच वापरली. पेडल आता वरच्यावर पकडतं.

अर्धा स्टार कापला तो तारखेसाठी. बाटलीच्या बुडाशी फिकट शाईत इतकी बारीक छापलीय की मोबाईलचा टॉर्च लावून वाचावी लागली, दुकानात गर्दीत कोण एवढं करणार? आणि एक, भरताना बोनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग खातं ते.