बाळंतपण घरी की रुग्णालयात: दुसऱ्या खेपेला मी काय ठरवले

माझी दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक झाली. पहिले 2019 च्या जुलैत झुआरी नदीपलीकडच्या एका रुग्णालयात आणि दुसरे 2024 च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या सांकवाळच्या आमच्या राहत्या घरी. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असणे, बाळ पायाळू किंवा आडवे असणे, जुळी, आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब यांपैकी काहीही असेल, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, रुग्णालयच गाठावे. हे लिखाण बाकीच्यांसाठी आहे, आणि ते एकाच बाईच्या दोन अनुभवांवर उभे आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

रुग्णालयाच्या बाजूचा मुद्दा सर्वांना ठाऊक आहे आणि तो खरा आहे: रक्त, भूल, शस्त्रक्रिया आणि नवजात बाळाची व्यवस्था एका छपराखाली असते, आणि बाळंतिणीचे रक्त थांबेनासे झाले की वेळ मिनिटांत मोजावा लागतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार गोव्यातल्या जवळजवळ सर्वच प्रसूती रुग्णालयांत होतात, आणि शंभरातल्या सुमारे 40 सिझेरियनने होतात. ही सगळी सिझेरियने अनावश्यक असतात, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण नैसर्गिक बाळंतपणाची ओढ असलेल्या बाईला हा आकडा अस्वस्थ करतो.

माझा निर्णय मात्र या आकड्याने झाला नाही. तो गाडीतल्या प्रवासाने झाला. 2019 मध्ये झुआरीवरच्या नव्या पुलाचे काम चालू होते आणि जुन्या पुलावर पोहोचायलाच कुठ्ठाळीला रांग लागायची. घरी असेपर्यंत मी खिडकीच्या कठड्याला धरून, कंबर हलवत, प्रत्येक कळ चांगली निभावून नेत होते. कळा पाच मिनिटांवर आल्या तेव्हा आम्ही निघालो आणि पावसात तासाहून अधिक काळ त्या रांगेत अडकलो. पाय आखडलेले, पाठीला टेकू नाही, उतरून चालायची सोय नाही. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा कळा मंदावल्या होत्या. भीतीने आणि अवघडलेपणाने कळा मंदावतात, हे सुईणी पूर्वापार सांगत आल्या आहेत, आणि डॉक्टरही ते नाकारत नाहीत. मग कळा वाढवण्यासाठी सलाईन लागले, सलाईनमुळे बाळाच्या ठोक्यांचे यंत्र लागले, यंत्रामुळे खाटेवरून उठणे बंद झाले, आणि ज्या कळा मी उभ्याने सोसल्या असत्या, त्या उताणी पडून सोसाव्या लागल्या. त्यात कोणाची चूक होती, असे मी म्हणणार नाही. पण या साखळीची पहिली कडी त्या गाडीत होती.

घरी बाळंत व्हायचे ठरवले म्हणून गाडी टळते, असे नाही. ती फक्त अनिश्चित होते आणि निघालीच, तर अधिक वाईट वेळी निघते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात घरी बाळंत होऊ पाहणाऱ्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या 45 जणींना रुग्णालयात हलवावे लागले, तर आधी बाळंतपण झालेल्यांपैकी सुमारे 12 जणींना. शिवाय पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका काहीसा अधिक दिसला. दुसऱ्या किंवा पुढच्या खेपेला तसा फरक आढळला नाही. तिथे सुईणी आणि रुग्णवाहिका एकाच व्यवस्थेत बांधलेल्या आहेत, इथे ती बांधणी आपली आपण करावी लागते. म्हणून पहिलटकरणीला मी घराचा आग्रह करणार नाही. माझ्या धाकट्या जावेने शेवटचे दोन आठवडे नदीपलीकडे ताळगावला आतेकडे मुक्काम हलवला. रुग्णालय पसंत असेल, तर हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो.

दुसऱ्या खेपेला नवा पूल खुला झालेला होता, म्हणजे घरून निघावे लागलेच, तर त्या रांगेत अडकायचे नव्हते, आणि माझा घरचा निर्णय तिथेच पक्का झाला. सासूबाईंचा विरोध होता. त्या म्हणाल्या, "आम्ही घरी बाळंत झालो, कारण आम्हांला दुसरे काही नव्हते. तुला आहे." या वाक्याला मी उत्तर दिले नाही, तयारी केली. रुग्णालयात नाव नोंदवलेले ठेवले, रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासून घेतले, आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेली सुईण निवडली, जिच्याकडे रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आणि बाळाला श्वास देण्याची पिशवी होती. ती दर थोड्या वेळाने हातातल्या यंत्राने बाळाचे ठोके ऐकत होती, आणि त्यासाठी मला कधीच आडवे व्हावे लागले नाही. न्हाणीत नवरा कंबरेवर कढत पाण्याचे तांबे ओतत होता. चार तासांत, उकिडव्या अवस्थेत, मुलगी झाली. नाळेतले ठोके थांबल्यावरच नाळ कापली, वीस मिनिटांत वार पडली.

वेदनाशमनाची सोय घरी नसते, हे मात्र खरे, आणि ज्यांना ती हवी आहे त्यांनी संकोच न करता रुग्णालय निवडावे. घरच्या जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत पंचायतीत स्वतः जाऊन करावी लागते, आणि हेपटायटिस बीचा पहिला डोस 24 तासांच्या आत देणे उत्तम.

गाडी त्या रात्री टाकी भरून, तोंड रस्त्याकडे करून, अंगणात उभी होती. सकाळी तिच्यातूनच आम्ही मुलीला लसीसाठी घेऊन गेलो.