पेल्विक फ्लोअर ट्रेनर: सात महिन्यांचा वापर आणि चार्जिंगची वायर

बाळंतपणानंतर शिंक आली की लघवीचे थेंब गळू लागले, म्हणून तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांना विचारून मी हे 5,900 रुपयांचे यंत्र मागवले. ते योनीत ठेवून पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे लघवी रोखून धरणारे ओटीपोटाच्या तळाचे, स्नायू आवळायचे आणि जोर किती लागला त्याचा आकडा मोबाइलच्या ॲपवर पाहायचा. ॲप, आलेख वगैरे बाजूला ठेवून थेट चार्जिंगच्या वायरीकडे वळते. ती यंत्राला केवळ चुंबकाने चिकटते आणि आमच्या नेरूळच्या घरात पाळण्याची दोरी लागली तरी सुटते. चौथ्या महिन्यात ती बंदच पडली. वायर वॉरंटीत बसत नाही, नवी 850 रुपयांना मिळेल, असे कंपनीचे उत्तर आले.

वास्तविक गरोदरपणात 34 व्या आठवड्यापासून केलेल्या पेरिनियमच्या (योनी आणि गुदद्वार यांमधल्या भागाच्या) मसाजला घरातले बदाम तेल पुरले होते. आठवड्यातून दोनदा, अंगठा योनीत थोडा आत ठेवून खाली आणि बाजूंना हलका ताण द्यायचा, एवढेच. पहिलटकरणींना या मसाजामुळे टाके पडण्याची शक्यता काहीशी कमी होते, परंतु लघवीच्या गळतीवर त्याचा परिणाम दिसत नाही, असे 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात) नोंदवले आहे. माझे नेमके तसेच झाले. टाके टळले, गळती टळली नाही.

वायरीचा पत्रव्यवहार चालू असताना नाइलाजाने वाशीतल्या फिजिओथेरपिस्टकडे गेले आणि यंत्राविषयीचे माझे मत तिथेच बदलले. बोटाने तपासून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही स्नायू वर ओढत नाही, खाली ढकलताय." हे यंत्र दाब मोजते, श्वास रोखून कुंथले तरी आकडा चढतोच. म्हणजे 58 वर पोहोचल्याबद्दल ॲपने केलेले माझे कौतुक कुंथण्याचे होते! मग गॅस अडवताना जसे आकसतो तसे, पोट आणि मांड्या सैल ठेवून, श्वास न रोखता वर ओढायला त्यांनी शिकवले: आठ आकुंचने, दिवसातून तीनदा. तीन महिन्यांत गळती जवळजवळ थांबली, ती वायरीविना.

850 रुपये मी दिले नाहीत. वाशीतल्या एका मोबाइलच्या दुकानात स्मार्टवॉचची वायर 120 रुपयांत मिळाली आणि ती चपखल बसली. आता पंधरवड्यातून एकदा, पोटावर हात ठेवून, यंत्र लावते. आकडा 31 येतो, ॲप 'प्रगती घटली' म्हणते, पण हाताखालचे पोट मऊच राहते. नवी वायरही सुटतेच; तिला कपड्यांचा चिमटा लावून ठेवला आहे.